मौनातला चहा

कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालताना स्वरूपाला मातीत दोन-तीन पांढरे ठिपके दिसले. आधी तिला वाटलं, गोगलगायीची अंडी. मग वाटलं, खत असेल कसलंतरी. तिने त्यातला एक उचलला तर तो बोटावरच पिठासारखा विरला, आणि प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी जे करू नका म्हणून सांगतात नेमकं तेच तिने केलं; बोट जिभेच्या टोकाला लावलं. कडू. कुंडी खिडकीच्या गजाशी होती, आणि रोज रात्री जेवणं आवरल्यावर आई याच खिडकीशी पाठमोरी उभी राहून गोळी घ्यायची. मान मागे टाकायची, पाण्याचा घोट घ्यायची. इतकी वर्षं ती पाठ बघून स्वरूपा निश्चिंत झोपत आली होती. पाठीवरून गिळलेलं कळत नाही हे तिला आज, बोट जिभेवर असताना कळलं. स्वयंपाकघरात आई, कस्तुराबाई, कंपनीतल्या पोरांच्या डब्यांसाठी पोळ्या लाटत होत्या. एका शेगडीवर तवा, दुसऱ्या शेगडीवर कढईत तेल तापत होतं, आणि त्या कधी नव्हे ते गुणगुणत होत्या. चाल भजनाची होती, नाव येशूचं होतं.

"काय बघूलालीस कुंडीत?" आईने मागे न वळता विचारलं.

"काही नाही. कीड पडलीये का बघत होते."

खोटं किती चटकन येतं, तिला वाटलं. विचारायला काय हरकत होती? आई, गोळ्या का टाकतेस? पण विचारलं की आई 'पडली असंल एखादी' म्हणणार आणि मग पुढची गोळी कुठे टाकेल ते कधीच कळणार नाही. नमुना हलवायचा नाही, आधी नीट बघायचं. चाकणच्या ज्या कारखान्यात ती सांडपाणी तपासायची तिथे तिने हेच शिकून घेतलं होतं: पाणी कुठून आलं हे विचारत बसायचं नाही, बाटलीत भरून आणायचं, माणसं सांगतात एक आणि बाटली सांगते दुसरंच. शिवाय आईच्या डोक्यात हे कुठून आलं ते तिला ठाऊकच होतं, किंवा तसं वाटत होतं. खालच्या मजल्यावरच्या शालनबाईंकडे बुधवारी प्रार्थना असते. बाबा गेल्यापासून आई तिथे जाऊन बसायला लागली. आधी नुसती बसायची, मग हळूहळू गायला लागली. आणि आता उद्यापासून तीन दिवस चाकणच्या पुढे त्या प्रार्थनेच्या मंडळीचं शिबिर होतं, आई जाणार होती, आणि बरोबर त्याच्या तोंडावर गोळ्या कुंडीत जात होत्या. दोन बिंदू असले की माणूस रेघ ओढतोच. स्वरूपाने ती ओढली, आणि रेघ जिथे पोचत होती तिथे तिला एक माणसांनी भरलेला हॉल दिसला, हॉलच्या मध्ये जमिनीवर आई, तिचे डोळे वर गेलेले, टाचा फरशीवर आपटताहेत, आणि कुणीतरी तिच्या कपाळावर हात ठेवून ओरडतंय.

हे दृश्य तिने कल्पनेतून आणलेलं नव्हतं. त्यात फक्त जागा बदलली होती. गावी, लातूरकडे, ती पाच-सहा वर्षांची असताना आई अशीच अंगणात पडली होती. स्वरूपा दाराच्या उंबऱ्यात उभी होती आणि तिच्या हातात अर्धी भाकरी होती. आई पडली तेव्हा कुणी धावलं नाही. बाया हळूहळू आल्या, डोक्यावरचे पदर सारखे करत, आणि आईचं थरथरणं थांबायची वाट बघत बसल्या. मग एकीने तिच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, दुसरीने पायावर डोकं ठेवलं, तिसरीने विचारलं, माझ्या लेकीला दिवस कधी जातील? आईच्या ओठांच्या कोपऱ्यात फेस होता. तिने काहीतरी अस्पष्ट म्हटलं आणि त्या बाईने ते पदरात बांधून घेतल्यासारखं केलं. पुढे आई एकदा चुलीवर पडली. तिचा डावा दंड अजूनही तिथे चुण्या पडलेल्या कागदासारखा आहे. तेव्हा बाबांनी शिव्या घातल्या, देवीला आणि त्या बायांना, आणि बिऱ्हाड उचलून इकडे आणलं. पिंपरीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आकडी आहे, रोज एक गोळी, चुकवायची नाही. आकडी गेली. बायाही गेल्या. रहाटणीत आईच्या पायावर कुणी डोकं ठेवलं नाही. इथे ती डबेवाल्या मावशी झाली.

"मीपण येऊ शिबिराला?" स्वरूपाने विचारलं.

पोळी तव्यावर टाकता टाकता कस्तुराबाईंचा हात थांबला. त्या वळल्या आणि त्यांचा चेहरा असा उजळला की स्वरूपाला बघवेना. "खरं म्हणतीस? लई बरं होईल बघ माय. लई बरं होईल."

निघायच्या आदल्या संध्याकाळपासूनच तिने सुरुवात केली. दोन चमच्यांच्या मध्ये गोळी धरून दाबली की कचकन मोडते, मग पाठीने घोटायची, मग चहात साखर जरा जास्त. गोळी बारकी होती, आईच्या करंगळीच्या नखाएवढीही नाही. आईने घोट घेतला, जीभ टाळ्याला लावून सोडली, म्हणाली, "गोड केलास," आणि प्याली. इतकं सोपं होतं. स्वरूपाला स्वतःचा धाक वाटायला हवा होता. पण तिला फक्त हलकं वाटलं, मोजमाप पुन्हा काट्यावर आल्यासारखं.

गाडी रोहिदास नावाच्या माणसाची होती, पुनावळ्याचा, शेत गेलं आणि त्या पैशांतून दोन ट्रॅव्हलर गाड्या आल्या अशातला. स्वरूपा मुद्दाम त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. नाशिक फाटा ओलांडल्यावर तिने विचारलं, "तुम्ही नेहमी नेता का यांना?"

"व्हय. वरसातून दोनदा तरी."

"काय करतात तिथे?"

"आमी न्हाई इचारत. गाडी सावलीत लावायची न् झोपायचं." त्याने आरशात मागे बघितलं, तिथे शालनबाई टाळ वाजवून गात होत्या. "ताई, लग्नाचं वऱ्हाड असू द्या नायतर देवाचं, गाडीला डिझेल सारखंच लागतं. एक मात्र हाय. वऱ्हाड येताना भांडत येतं. हे लोक येताना गप असत्यात."

"गप का?"

"आता ते मला काय ठावं? दमत असतील."

भोसरी, मोशी, मग कंटेनरच्या रांगा, आणि गप या शब्दाभोवती तिचं मन माशीसारखं फिरत राहिलं. माणसं दमून गप होतात, घाबरून होतात, आणि आतलं काही काढून घेतलं तरी होतात.

जागा साधी होती. पत्र्याचा एक मोठा हॉल, दोन्ही बाजूंना खोल्या, समोर निलगिरी, आणि कुंपणाच्या पलीकडे कसल्यातरी कारखान्यातल्या प्रेसचा दणका, ठरावीक अंतराने, जमिनीतून तळपायांना जाणवणारा. दारात पास्टर धनेश, मंडळीचे पाळक, उभे होते. चाळिशीचे, पूर्वी भोसरीत डाय-सेटर, प्रेस मशीनवर साचे बसवणारे, होते म्हणे. उजव्या हाताचं मधलं बोट पेरापासून नव्हतं. "सलाम, ताई," ते मंडळीतल्या रिवाजाने म्हणाले. "कस्तुरामावशींच्या तुम्ही ना? त्यांनी सांगितलंय तुमच्याबद्दल."

काय सांगितलंय? हा माणूस तिच्याबद्दल किती जाणतो? त्यांनी वेताची टोपली पुढे केली आणि सगळ्यांनी त्यात फोन टाकले, अगदी आनंदाने, ओझं उतरवल्यासारखे. स्वरूपाने आपला बंद करून टाकला आणि टोपली कुठे जाते ते बघून ठेवलं: ऑफिस, उजवीकडचं कपाट, कुलूप नाही. कुलूप नाही याचाही तिला संशय आला. मग मौन. तिसऱ्या दिवशी साक्षीची सभा होईपर्यंत गाण्याशिवाय आणि प्रार्थनेशिवाय कुणी कुणाशी बोलायचं नाही. साक्ष म्हणजे काय ते शालनबाईंनी मौन सुरू व्हायच्या आत तिच्या कानाशी लागून सांगितलं: "ज्याच्या आयुष्यात देवानं काही केलं त्यानं उभं राहून सांगायचं. लाजायचं न्हाई पोरी. आणि हे बघ, तुझी आई काहीतरी सांगणारे या वेळी. मला म्हणाली न्हाई काय, पण मी ओळखते."

इथे सगळ्यांनी एकेक काम उचलायचं होतं. चहाचं स्वरूपाने स्वतःहून मागून घेतलं.

पुढचे दिवस तिच्या डोक्यात एकसलग राहिले, मध्ये शिवण नसलेल्या कापडासारखे. पहाटे गारठा, हॉलमध्ये सतरंज्या, ढोलकी, गाणी, मग पास्टरांचं बोलणं. ती एकेक वाक्य हातात घेऊन उलटून बघायची. 'त्याच्यावर सगळं सोडा', यात गोळ्याही आल्या का? 'तुमची ओझी टाका', कुठे, कुंडीत? पण नेमकं बोट ठेवावं असं काही ते बोलत नव्हते. बोलत होते ते कंपनीतल्या शिफ्टवरून घरी येऊन कोण बायकोशी कसं बोलतं त्याबद्दल, भावाशी धरलेल्या अबोल्याबद्दल, आणि एकदा स्वतःच्या तुटलेल्या बोटाबद्दल: त्या दिवशी मी पिऊन मशीनवर उभा होतो, मशीनचा दोष नव्हता. लोक हसले, मौनातही हसायला परवानगी होती. माणूस चांगला बोलतो, हेच तिला खुपत होतं. वाईट बोलला असता तर सोपं गेलं असतं. दुपारच्या प्रार्थनेत ते एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत पुढे जायचे. आईपाशी आले की स्वरूपा डोळे उघडे ठेवायची. हात इतरांपेक्षा जास्त वेळ राहतोय का? बोटं दाबतोय का? पिंपळे गुरवच्या एका शिक्षिकेच्या डोक्यावरही तितकाच वेळ होता की कमी? आईचे डोळे मिटलेले असायचे, ओठ हलत असायचे, गालांवरून पाणी वाहत असायचं, आणि तो चेहरा स्वरूपाने यापूर्वी एकदाच पाहिला होता, अंगणात, कुंकू लावलेला. त्या बायांनाही वाटत असेल का, आपण काहीतरी बघतोय? की कुणाला काहीच वाटत नव्हतं आणि त्या नुसत्या आपापल्या लेकीसाठी आल्या होत्या?

संध्याकाळी ती मोठ्या पातेल्यातून स्टीलच्या पेल्यांत चहा ओतायची. आईचा पेला ती कडेला ठेवायची. ओढणीच्या टोकाला गाठ होती, गाठीत घोटून आणलेली पूड. पाठ हॉलकडे. आई रोज याच पाठीने आपल्याला फसवत होती, तिच्या मनात आलं, आणि ते तिथेच राहिलं, पुढे गेलं नाही. ती ट्रे घेऊन रांगेतून फिरायची आणि आईपाशी आली की तोच पेला आईच्या बाजूला यावा म्हणून ट्रे किंचित वळवायची. आई घोट घ्यायची. कपाळाला एक बारीक आठी पडायची. मौन नसतं तर ती म्हणाली असती, कडू लागतोय गं. पण मौन होतं. ती वर बघायची, लेकीकडे, आणि हसायची. इतकं पूर्ण, इतकं काही न राखता, की स्वरूपाला ट्रे घट्ट धरावा लागायचा. लेक देवाच्या घरात चहा वाटतेय. आईने तीन दिवसांत दुसरं काही मागितलं असेल असं वाटत नव्हतं.

तसं बघितलं तर तीन दिवसांची ही धडपड फार गरजेची होती असंही नाही, हे तिचं तिलाच माहीत होतं. हे औषध रक्तातून फार सावकाश उतरतं, तिने वाचलं होतं. चार-सहा दिवस गोळी चुकली तर आकडी येईलच असं नव्हतं. येईल ती नंतर, दोन-तीन आठवड्यांनी, सगळे विसरल्यावर, कढईत तेल तापलेलं असताना. मग आत्ता कशासाठी? तिने या प्रश्नाचं उत्तर कागदावर काढल्यासारखं काढलं: या लोकांना आईचं पडणं मिळू नये म्हणून. त्यांनी तिला पुन्हा देवी करू नये म्हणून. उत्तर बरोबर होतं आणि तरी ते लिहिताना कुणीतरी खांद्यावरून बघत असल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साक्षीची सभा भरली. चाकणच्या एका कंपनीतला पोरगेला फिटर उभा राहिला, आठ वर्षांनी भावाच्या घरी जेवलो म्हणाला आणि रडला. शिक्षिकेने काहीतरी सांगितलं. मग मधल्या सतरंजीवरून कस्तुराबाई उठल्या. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, दोन्ही हात समोर एकमेकांत धरले.

"मला बोलता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "मला आकडीचा आजार हाय. लहानपणापासनं. गावाकडं लोक म्हणायचे देवी येती. माझ्या पाया पडायचे. मला काही ठाव नसायचं, उठले की अंग ठणकायचं, आणि बाया पायाशी. मला लाज वाटायची. मग गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यानं आकडी गेली, पर डोक्यावर कायम वल्ली गोधडी टाकल्यागत. मालक गेले तेव्हा मला रडू पण आलं न्हाई नीट." प्रेसचा दणका आला, गेला. "माझी लेक शिकल्याली हाय. ती म्हणती, करून बघितल्याबिगर मानू नये. मी म्हटलं, करून बघावं. शिबिर ठरलं तशी गोळी बंद केली. कुणाला सांगितलं न्हाई. शालनबाईला न्हाई, पाळकसाहेबाला न्हाई. आणि मला काही झालं न्हाई. बघा, उभी हाय मी तुमच्यापुढं. त्यानं मला बरं केलं. आता मी गोळी कवाच घेणार न्हाई."

'हालेलुया'चा गजर उठला, ढोलकीवर थाप पडली. स्वरूपा पास्टरांकडे बघत होती. तिला त्यांचा चेहरा हवा होता, सापडलेला, खुललेला, विजयी. पण त्यांनी 'आमेन' म्हटलं ते सगळ्यांच्या नंतर, आणि पुढे होऊन हळूच म्हणाले, "मावशी, आनंद आहे. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय..." आणि गजरात पुढचं बुडालं. भीती होती ती, की सावधपणा, की नुसता दाखवायचा? तिला ठरवता येईना. आणि ठरवून आता उपयोगही नव्हता, कारण रेघ तिकडे जातच नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं. आईने एकटीने प्रयोग मांडला होता, लेकीच्याच शब्दावर. लेकीने त्यात हात घालून तो सिद्ध करून दिला होता. या हॉलमध्ये कुणी चमत्कार केला असेल तर तो तिने, पातेल्यापाशी पाठमोरी उभी राहून.

गप्प बसायचं, आणि घरी गेल्यावर काहीतरी करायचं? रोज चहात घालायचं, वर्षानुवर्षं, आई मरेपर्यंत? क्षणभर हे तिला शक्य वाटलं, आणि शक्य वाटलं याचीच तिला शिसारी आली. पण त्या क्षणाच्या मागेच कढईतलं तेल होतं. आईचा दंड होता. ती कधी उभी राहिली ते तिला कळलं नाही. लोक वळून बघायला लागले, शालनबाईंनी टाळ थांबवले.

"मी स्वरूपा," ती म्हणाली. आवाज दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा येत होता. "कस्तुराबाईंची मुलगी. आईने गोळ्या बंद केल्या नव्हत्या. म्हणजे, तिने केल्या होत्या. मला कुंडीत सापडल्या. मी रोज तिच्या चहात एकेक घातली. घरी, आणि इथेही. ती गोळीवरच आहे. तिला आकडी आली नाही ती म्हणून. आई, गोळी सोडू नकोस."

प्रेसचा दणका दोनदा आला. मग मागून कुणीतरी 'प्रभूची स्तुती असो' म्हणालं आणि शालनबाई उठून उभ्या राहिल्या, डोळे भरलेले. "बघा! देवानं लेकीच्या हातनं दिलं! आई सोडून बसली, तर त्यानं लेकीला धाडलं!" आणि पुन्हा गजर, पहिल्यापेक्षा मोठा. पास्टरांनी मान हलवली, सुटल्यासारखी, म्हणाले, "औषधही त्याचंच आहे, मावशी. गोळी चालू ठेवा." सगळा हॉल खूश होता. फिटर पोरगा स्वरूपाकडे बघून हात जोडत होता. तिने तीन दिवस ज्या तोंडांवर पाळत ठेवली होती त्या सगळ्यांनी तिला एका क्षणात माफ केलं होतं, नव्हे, तिच्यासाठी देवाचे आभार मानले होते. आई तेवढी खाली बसली होती. तिने डोक्यावरचा पदर काढून नीट घडी करून मांडीवर घेतला होता आणि ती त्या घडीकडे बघत होती.

येताना गाडी गप होती. रोहिदासने एकदा स्वरूपाकडे बघितलं आणि आरसा सारखा केला. मोशीपाशी वाहतूक अडली तेव्हा मागच्या सीटवरून कस्तुराबाईंनी विचारलं, हळू, भाजीचा भाव विचारावा तसं:

"आजून काय काय घातलंस?"

स्वरूपा वळली. "म्हणजे?"

"आजवर. जेवणात, चहात. आजून काय काय घातलंस मला?"

"काहीच नाही, आई. हीच गोळी. एवढे दिवसच."

"कशावरनं?"

हा प्रश्न तिचा होता. आयुष्यभर ती तो दुसऱ्यांना विचारत आली होती. गावच्या बायांना मनातल्या मनात, कारखान्याच्या साहेबांना तोंडावर. त्याला उत्तर म्हणून तिच्याकडे शब्द सोडून काही नव्हतं. जे घातलंच नाही ते दाखवायचं कसं? कुठल्या बाटलीत भरून आणायचं? बाबा आजारी होते तेव्हा त्यांची पेज स्वरूपाच करायची. आईच्या नजरेत तीही पेज येऊन गेली का? तिला दिसली. किंवा तिला वाटलं दिसली. यातलं कुठलं, हे आता ती कधीच विचारू शकणार नव्हती.

रहाटणीत उतरल्यावर कस्तुराबाई घरी न जाता कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाकडे वळल्या. दुकानदार ओळखीचा होता. "घरात आहेत ना मावशी, परवाच नेल्यात," तो म्हणाला. "त्या नगं. नव्या दे," कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांनी पाकीट उजेडाकडे धरलं, मागची चंदेरी बाजू अंगठ्याने एकेका गोळीवरून चाचपली, कुठे फाटलीय का, पुन्हा चिकटवलीय का. दुकानदाराला विचारलं, "हीच ना रे? नक्की हीच?" तो हसला, "मावशी, कंपनीतनं आलेली आहे, मी कशाला काय करू?" त्यांनी तिथेच, काउंटरपाशी उभ्या राहून एक गोळी फोडली, तळहातावर घेऊन उलटून बघितली आणि तोंडात टाकली. या वेळी पाठमोऱ्या नव्हत्या. स्वरूपाला गळ्याची हालचाल स्पष्ट दिसली. गोळी गेली. तिला हवं होतं ते झालं होतं.

कोरड्या घशात अडकल्यासारखं होऊन कस्तुराबाई खोकल्या. स्वरूपाने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि पुढे केली. आईने एकदा बाटलीकडे बघितलं. मग मान हलवली, दुकानदाराकडे वळून म्हणाली, "भाऊ, पाणी दे की जरा, तुझ्यातलं."